भिंतीला सिमेंट लावण्याआधी थांबा

जुन्या न्यायालयाची इमारत संग्रहालयासाठी ताब्यात आलीय, भिंतींचे पोपडे पडतायत, उद्घाटनाआधी सिमेंटचा गिलावा करून रंग मारून घेऊ का, हा तुमचा प्रश्न वाचला आणि पोटात गोळाच आला. आम्ही नेमकं हेच केलं होतं.

समिती, परवानग्या, वस्तूंची नोंदवही हे तुम्ही बघालच. मी भिंतीबद्दलच बोलतो.

जुन्या दगड-विटांच्या भिंतीत सहसा ओल अडवणारा थर नसतो. जमिनीतलं पाणी वर चढतं आणि चुन्याच्या गिलाव्यातून हळूहळू उडून जातं. वरून सिमेंट थापलं की ती वाट बंद. ओल आणखी वर सरकते, सोबत क्षार नेते. आम्हालाही चुनाच हवा होता. पण अंदाजपत्रक ज्या कार्यालयाच्या हातात होतं (नाव घेत नाही, अजून तिथेच जावं लागतं) तिथे एकच पालुपद: दरसूचीत (सरकारी कामांच्या ठरलेल्या दरांच्या यादीत) चुन्याची बाब नाही. चार चकरा, दोन स्मरणपत्रं, आणि शेवटी 'सिमेंट करा, नाहीतर निधी परत जाईल'. घाबरलो. कागदावर सही माझीच आहे.

वर्षभरात कमरेइतक्या उंचीवर रंगाला फोड आले. बोट लावलं की मिठासारखी पांढरी भुकटी. त्याच भिंतीवर वकिलांचा एक जुना समूह-फोटो होता. तो ओलीने काचेला चिकटला, आणि सोडवताना मागच्या रांगेतले तीन चेहरे काचेवरच राहिले.

म्हणून आधी पन्हळी, गटार आणि बाहेरच्या जमिनीची पातळी तपासा. एक पावसाळा भिंत उघडी राहू दे, उद्घाटन लांबलं तर लांबलं. फ्रेम भिंतीपासून बोटभर सुटी ठेवा, फोटो आणि काच यांच्यात माउंट (दोघांत अंतर ठेवणारी पुठ्ठ्याची चौकट) हवाच. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर टिकली की बुरशी आलीच समजा. जुन्या कागदांवर उजेड ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) आत ठेवा. मी अभियंता नाही, तेव्हा चुन्याचं काम स्वतः केलेल्या माणसाला दाखवूनच ठरवा.

आणि हो, साक्षीदाराचा पिंजरा 'जागा अडवतो' म्हणून कुणी उपटायला निघालं तर आडवे पडा. इमारतीला नवा वापर द्या, पण तिची मांडणी बदलू नका, असं १९६४ च्या व्हेनिस सनदेतच (जुन्या वास्तूंच्या जतनाच्या आंतरराष्ट्रीय तत्त्वांमध्ये) आहे. काचेची कपाटं काय, कुठेही मावतात.

ओल जमिनीपासून किती उंच चढलीय? भिंतीचा फोटो टाका, बाहेरच्या बाजूचाही.