शेअरचं नंतर, आधी बायकोचं सोनं सोडवा

शिरोळ तालुक्यातल्या एका वाचकांचं पत्र आहे. वय 41, ऊस 4 एकर. रस्त्यात 8 गुंठे गेले, भरपाईचे 12 लाख हातात आहेत. विचारतात, 'तोडणीला हार्वेस्टर आले, उसाचं इथेनॉल होतंय. शेती बदलतेय, तर साखर आणि ट्रॅक्टर कंपन्यांचे शेअर घेऊ का?' आणि शेवटी सहज लिहिलंय: बँकेतल्या साहेबांनी दिलेल्या विमा पॉलिसीचा दीड लाखाचा तिसरा हप्ता बायकोचे दागिने गहाण ठेवून भरला.

दादा, मी तिथंच अडलो. 10 वर्षांत 15 लाख भरायचे, 20 वर्षांनी 25 लाख मिळणार. साहेब म्हणाले, दहा लाख फायदा. हिशेब केला तर जेमतेम सव्वातीन टक्के पडतात, आणि सोनेतारणाला तुम्ही 11 टक्के भरताय! कव्हर, म्हणजे तुमच्या माघारी घरच्यांना मिळणारी रक्कम, फक्त 15 लाखांचं. ज्याचं ऊसबिल वर्षा-दीड वर्षानं येतं, त्याच्या गळ्यात असा हप्ता बांधणं हा अन्याय आहे.

उद्याच सोनं सोडवा. शाखेकडून सरेंडर (पॉलिसी आत्ताच मोडली तर मिळणारी) आणि पेड-अप (हप्ते थांबवून पॉलिसी तशीच ठेवली तर मुदतीला मिळणारी), दोन्ही रकमा लेखी मागा. भरलेल्या साडेचार लाखांत तोटा होईल, होऊ द्या. उरलेले 7 हप्ते पीपीएफ या सरकारी बचत योजनेत भरलेत तर 7.1 टक्क्यांनी त्याच मुदतीला साधारण 27 लाख होतात. जुने तीन हप्ते पार बुडाले असं धरलं तरी पॉलिसीपेक्षा जास्तच. शिवाय 50 लाखांचा टर्म विमा, म्हणजे बचत नसलेला निव्वळ जीवन विमा, घ्या.

आता शेअर. शेती बदलली म्हणजे कंपनीचा नफा वाढला, असं होत नाही. उसाची एफआरपी, म्हणजे कारखान्यानं शेतकऱ्याला द्यायचा किमान दर, 2018-19 च्या क्विंटलला 275 रुपयांवरून 2024-25 ला 340 झाली; साखरेचा किमान विक्रीदर मात्र 2019 पासून त्या हंगामापर्यंत किलोला 31 रुपयांवरच. डिसेंबर 2023 मध्ये केंद्रानं एका आदेशात रसापासूनचं इथेनॉल थांबवलं, ऑगस्ट 2024 मध्ये पुन्हा मोकळं केलं. ट्रॅक्टरचं म्हणाल, तर देशातलं सरासरी शेत 1970-71 ला 2.28 हेक्टर होतं, 2015-16 ला 1.08. तुमच्याच गल्लीत बघा, एका ट्रॅक्टरवर किती घरं भाड्यानं नांगरट करून घेतात.

आणि 2019 च्या महापुरात तुमचा फड पाण्याखाली होता, तेव्हा कारखान्याचाही ऊस कुजत होता. पोट उसावर, बचतही उसावर नको.

वर्षभराचा घरखर्च आणि बाकीची रक्कम एफडीत ठेवा. शाखेचं लेखी उत्तर आलं की मला पाठवा, पुढचं तेव्हा ठरवू.