उपदानातून कापलेले पावणेतीन लाख

प्रश्न : राज्य शासनाच्या एका जिल्हा कार्यालयातून मी ३० जून २०२४ रोजी वरिष्ठ लिपिक म्हणून निवृत्त झालो. चार दिवस उरले असताना आस्थापनेच्या बाईंनी, जादा दिलेले वेतन निघाल्यास परत करीन अशा हमीपत्रावर सही घेतली. ‘सही नसेल तर पेन्शनची केस महालेखापालांकडे जाणार नाही,’ म्हणाल्या. पुढे वेतन पडताळणी पथकाने २००६ च्या वेतननिश्चितीत चूक काढली आणि उपदानातून (ग्रॅच्युइटीतून) २,७६,४०० रुपये कापले गेले. उरलेली रक्कम चौदा महिन्यांनी मिळाली. दोन अर्ज दिले, उत्तर नाही. मुलगा म्हणतो, सोडून द्या. — एक वाचक, तुळजापूर

उत्तर : सोडू नका. मी एकोणतीस वर्षे आस्थापना शाखेत काढली. अशी हमीपत्रे मीही घेतली आहेत, तेव्हा त्या कागदाचे वजन किती ते मला ठाऊक आहे.

पंजाब राज्य विरुद्ध रफिक मसीह या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर २०१४ रोजी सांगितले की वर्ग तीन-चारच्या कर्मचाऱ्यांकडून, निवृत्तांकडून, आणि जादा रक्कम पाच वर्षांहून अधिक काळ दिली गेली असेल तर वसुली करू नये. तुम्ही तिन्हींत बसता. मात्र चूक कार्यालयाची हवी. माहिती तुम्ही दडवलेली नसावी.

कार्यालय २०१६ चा जगदेव सिंग निकाल पुढे करील. त्यात हमीपत्र ग्राह्य धरले गेले, पण ते न्यायिक अधिकाऱ्याने सुधारित वेतनश्रेणी स्वीकारतानाच दिलेले होते. तुमचे निवृत्तीच्या तोंडावरचे. म्हणून आधी सेवापुस्तक, म्हणजे तुमच्या नोकरीच्या नोंदींचे पुस्तक, पाहा. सहाव्या वेतन आयोगाची वेतनश्रेणी स्वीकारण्याच्या विकल्पासोबत २००९ च्या सुमारास तुम्ही तसे हमीपत्र लिहून दिले होते का? पडताळणी पथकाचा शेराही तिथेच सापडेल. प्रती मिळत नसतील तर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात मागा.

एक गोष्ट कडू आहे, पण सांगतो. वसुली थांबली तरी वेतननिश्चिती खरेच चुकली असेल तर पेन्शन दुरुस्त वेतनावरच बसेल. त्यावर भांडण्यात वर्षे घालवू नका.

उशिराचे व्याज वेगळे मागा. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ मधील १२९-अ पाहा : प्रशासकीय दिरंगाईमुळे उपदान तीन महिन्यांपलीकडे रखडले, तर भविष्य निर्वाह निधीच्या दराने व्याज. ‘पडताळणी चालू होती’ हे उत्तर येईलच. पेन्शनचे कागद निवृत्तीच्या दोन वर्षे आधीपासून तयार करायचे असतात. मग तेव्हा सेवापुस्तक कोणत्या कपाटात होते, हे विचारा.

दाद महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठात मागायची. (जिल्हा परिषदेचे कर्मचारी असता तर उच्च न्यायालयात जावे लागले असते, ही गल्लत फार होते.) मुदत वसुली आदेशापासून एक वर्ष धरून चला. अर्जावर अर्ज दिल्याने ती लांबत नाही. उलटून गेली असेल तर विलंब माफीचा अर्ज सोबत जोडावा लागेल, म्हणून वकिलाकडे याच आठवड्यात जा. आणि तो आदेश ज्या पाकिटातून आला ते रद्दीत गेले नसेल तर सोबत न्या. हातात कधी पडला ते टपालाच्या शिक्क्यावरून दाखवता येईल.