मिस्त्रीनं घरच अडवून धरलंय!

प्रश्न: मी औसा तालुक्यातला निवृत्त प्राध्यापक. फ्लॅट विकून आणि फंडाचे पैसे घालून आम्ही दोघांनी मिनीबसच्या चासीवर मोटरहोम बांधून घेतलं, एकूण 23 लाखांत. गेल्या दिवाळीपासून तेच आमचं घर. वेरूळहून तुळजापूरकडे जाताना मांजरसुंब्याच्या घाटात क्लच जळाला. टोचन करून गाडी बीडला आणली. मिस्त्री म्हणाला, ‘तीस-पस्तीसमध्ये होऊन जाईल, तीन दिवस लागतील.’ सोळाव्या दिवशी कच्च्या चिठ्ठीवर 86 हजार आले: क्लच आणि मजुरी 38 हजार, गिअरबॉक्स 41 हजार, पार्किंग रोजचे 300 प्रमाणे 4,800, इतर 2,200. गिअरबॉक्सचं तो मध्ये एकदा फोनवर बोलला होता, मी ‘बघा’ म्हणालो होतो. आता पैसे दिल्याशिवाय गाडी नाही, आठ दिवसांत नेली नाही तर विकून टाकीन, अशी भाषा आहे. कपडे, कागदपत्रं, पत्नीचं इन्सुलिन सगळं आत. आम्ही रोज 1,100 रुपये भरून लॉजवर. दुसरी चावी माझ्याकडे आहे. पहाटे जाऊन गाडी काढून आणली तर गुन्हा होतो का? गाडी तर माझीच आहे. विमा कंपनीनं हात वर केले. बॉडी बांधणारा चासीच्या कंपनीकडे बोट दाखवतो आणि कंपनी त्याच्याकडे. तक्रार करायची तर कुठं? आम्हाला आता पक्का पत्ताच नाही.

उत्तर:

सर, आधी चावीचं बोलू. ती खिशातच राहू द्या.

स्वतःचीच वस्तू चोरल्याचा गुन्हा होऊ शकतो, हे ऐकायला विचित्र वाटतं. पण भारतीय न्याय संहितेच्या कलम 303 मध्ये चोरीची व्याख्या आहे आणि तिच्याखालच्या उदाहरणांत तुमचंच प्रकरण सापडतं, फक्त गाडीच्या जागी घड्याळ आहे. घड्याळ दुरुस्तीला दिलं, दुरुस्तीचे पैसे द्यायचे राहिलेत, आणि त्या पैशांसाठी कारागिरानं ते कायदेशीरपणे ठेवून घेतलंय. अशा वेळी त्याचं तारण बुडवायच्या इराद्यानं मालकानं ते उचलून नेलं, तर ती चोरी. लगेच आधीच्या उदाहरणात मालक कारागिराचं काहीच देणं लागत नाही. तिथं मालकानं दुकानात शिरून घड्याळ हिसकावलं तरी चोरी होत नाही, अतिक्रमण किंवा मारहाणीचं काय व्हायचं ते होवो. जुन्या दंड संहितेतही हीच उदाहरणं होती. तुमच्याकडून मिस्त्रीला काहीतरी येणं आहे हे तुम्ही स्वतःच कबूल करता. म्हणजे तुम्ही चोरी ठरणाऱ्या उदाहरणात बसता. पहाटे गाडी काढलीत तर सकाळी फिर्यादी तो असेल आणि तुम्ही आरोपी. आज तुमची बाजू बरी आहे, ती हातानं घालवू नका.

त्याच्या हक्काचं मूळ भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 170 मध्ये आहे. तुमच्या वस्तूवर कोणी श्रम किंवा कौशल्य खर्च केलं असेल, तर त्याचा मेहनताना मिळेपर्यंत ती वस्तू तो ताब्यात ठेवू शकतो, वेगळं काही ठरलं नसेल तर. यालाच धारणाधिकार म्हणतात. आम्हा वकिलांना एवढंही नाही. फी थकली म्हणून अशिलाचे कागद अडवून ठेवता येणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयानं 2000 साली बजावलंय. या एका बाबतीत मिस्त्री आमच्याहून वरचढ.

पण हा हक्क जेवढा तो समजतो तेवढा मोठा नाही. तो ताब्याचा आहे, विक्रीचा नाही. गहाण ठेवून घेणाऱ्याला रीतसर नोटीस देऊन विकता येतं, दुरुस्ती करणाऱ्याला नाही. शिवाय गाडी दुसऱ्याच्या नावावर चढायला फॉर्म 29 आणि 30 वर तुमची सही लागते. म्हणून ‘विकून टाकीन’ला घाबरू नका. मात्र तो मेसेज किंवा फोनचं रेकॉर्डिंग असेल तर सांभाळून ठेवा. खरोखरच विकायला निघाला किंवा गाडी भाड्यानं फिरवायला लागला, तर विश्वासघाताचा गुन्हा, न्याय संहितेचं कलम 316, लागू होऊ शकतो आणि मग पोलीस ‘हे दिवाणी मॅटर आहे’ म्हणून तुम्हाला परत पाठवू शकणार नाहीत. तोवर मात्र बहुधा तेच म्हणतील.

पार्किंग तर सरळ बाद. कलम 170 श्रमाचा आणि कौशल्याचा मोबदला म्हणतं. स्वतःच्या हक्कासाठी गाडी अडवायची आणि अडवल्याचं भाडंही लावायचं, हे त्या कलमात बसत नाही. त्यातून त्यानं मोजलेत ते सोळाही दिवस कामाचे, जेव्हा गाडी खोललेली होती आणि तुम्हाला हवी असती तरी नेता आली नसती. ‘इतर 2,200’बद्दल काय बोलावं! काय ते लिहून मागा.

गिअरबॉक्सबद्दल मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही. ‘बघा’ म्हणजे तपासून सांगा, असं आपण म्हणणार. तो म्हणणार, सरांनी होकार दिला. त्याच करार कायद्यातलं कलम 70 त्याच्या मदतीला येऊ शकतं: फुकटात करायचा हेतू नसताना केलेल्या कामाचा फायदा दुसऱ्यानं घेतला, तर मोबदला द्यावा लागतो. म्हणून खरा प्रश्न एवढाच, की गिअरबॉक्स खरंच बिघडला होता का आणि त्यात नवं काय बसलं. याचा पुरावा गॅरेजच्या कोपऱ्यातल्या तेलकट पोत्यात आहे. काढलेले जुने पार्ट आजच्या आज मागा: जळालेली क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, गिअरबॉक्समधून काढलं म्हणतो ते बेअरिंग, गिअर, सगळं. ते तुमच्या मालकीचं आहे. भंगारवाला येऊन गेला की मग त्याचा शब्द आणि तुमचा शब्द एवढंच उरेल. नव्या पार्टच्या खरेदीच्या बिलांच्या प्रतीही मागा. जीएसटी लावला असेल तर त्याचा नंबर बिलावर हवाच. नोंदणी नसताना कर घेता येत नाही.

आतल्या सामानाचा मुद्दा तुमच्या पत्रात एका ओळीत आलाय, पण माझ्या मते तोच तुमचा सगळ्यात भक्कम मुद्दा आहे. धारणाधिकार ज्या वस्तूवर काम केलं त्या वस्तूवर असतो. तुमच्या शर्टांवर, पेन्शनच्या कागदांवर, मॅडमच्या औषधांवर त्यानं कुठलं काम केलंय? ते सामान त्याला अडवताच येत नाही. दिवसाढवळ्या, दोन ओळखीची माणसं सोबत घेऊन जा आणि लेखी अर्ज देऊन सामान मागा. नाकारलं तर तो नकार मोबाइलवर टिपा आणि त्याच दिवशी पोलीस ठाण्यात अर्ज देऊन पोच घ्या. या अर्जात बिलाचा वाद घालू नका, फक्त औषधं आणि कागदपत्रं लिहा. सामान मिळालं की यादी करा. इन्व्हर्टर, बॅटऱ्या, गॅसची टाकी जागेवर आहे का बघा. दुरुस्तीला घेतलेल्या वस्तूची वाजवी काळजी घेणं करार कायद्याच्या कलम 151 प्रमाणे त्याच्यावर बंधनकारक आहे. आणि इन्सुलिन मात्र नवीनच घ्या. इतके दिवस बंद फ्रिजमध्ये पडलेलं वापरू नका.

आता पैसे. वाद 48 हजारांचा आहे. लॉजचे रोज 1,100 धरले तर तीन महिन्यांत 99 हजार होतात, जेवण वेगळंच. ज्याची दुसरी गाडी दारात उभी आहे तो तत्त्वासाठी भांडत बसू शकतो. ज्याचं घरच गॅरेजमध्ये आहे त्यानं आधी घर सोडवावं. माझा सल्ला असा: पहिल्यांदा 38 हजार देऊ करा, लेखी आणि व्हॉट्सअॅपवर दोन्हीकडे, ‘उरलेल्या रकमेबद्दलचा दोघांचाही वाद राखून’ अशा शब्दांत आणि दोन दिवसांची मुदत देऊन. घेतले तर उत्तम. न्याय्य रक्कम देऊ करूनही त्यानं नाकारली, तर पुढं त्याची अडवणूक बेकायदेशीर ठरायला हाच कागद कामाला येतो.

नाही घेतले तर पूर्ण 86 हजार भरा, पण निषेध नोंदवून. करार कायद्याचं कलम 72 सांगतं, की जबरदस्तीनं किंवा चुकीनं दिलेले पैसे घेणाऱ्यानं परत केले पाहिजेत. त्याखालचं उदाहरण रेल्वेचं आहे: कंपनी बेकायदा जादा आकार दिल्याशिवाय माल सोडत नाही, माल हवा म्हणून माणूस तो भरतो, आणि नंतर जादा घेतलेली रक्कम परत मागू शकतो. म्हणजे पैसे भरले म्हणून हक्क संपला असं नाही, फक्त भरतानाच बोललं पाहिजे. रोख देऊ नका. बँकेतून किंवा यूपीआयनं द्या, आणि देण्याआधी मेसेज टाका: ‘रक्कम मान्य नाही, गाडी सोडवण्यासाठी निषेधासह देत आहे.’ बिलाच्या प्रतीवरही तेच लिहा. पक्कं बिल मागा. सेवा देऊन बिल न देणं ही ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 2(47) प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. गाडी देताना तो ‘काम समाधानकारक, काही तक्रार नाही’ असा कागद पुढं करील. त्यावर सही करायची नाही, किंवा सहीच्या वर ‘तक्रार राखून’ असं स्वतःच्या अक्षरात लिहायचं.

तक्रार बीडच्या जिल्हा ग्राहक आयोगात करा. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम 34 प्रमाणे तक्रारदार जिथं राहतो तिथंही ती करता येते, म्हणजे औशाच्या पत्त्यावर लातूरलाही. पण ‘हे तर गाडीत राहतात, औशाला कुठे असतात’ हा आक्षेप समोरच्याच्या हाती कशाला द्यायचा? घटना बीडला घडली, गॅरेज बीडला आहे, तिथं अधिकारक्षेत्रावर वादच नाही. दिलेला मोबदला 5 लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही. वकील लावलाच पाहिजे असंही नाही. तक्रार ऑनलाइन दाखल होते आणि सुनावणी व्हिडिओ कॉन्फरन्सिंगनं व्हावी असा अर्ज करता येतो, तो पहिल्याच दिवशी करा. तुम्ही तेव्हा कन्याकुमारीला असाल! मुदत दोन वर्षांची आहे, पण जुने पार्ट दोन वर्षं गाडीत घेऊन हिंडणार आहात का? त्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून बघा. कधी कधी तेवढ्यानंच तोडगा निघतो. पत्त्याचं म्हणाल तर आधारवरचा औशाचा पत्ता लिहा आणि तिथं कागद घेणारं घरचं माणूस ठरवून ठेवा. आयोगाची नोटीस ‘मालक गावी नाही’ म्हणून परत जाता कामा नये.

विम्याचं थोडक्यात. नेहमीच्या सर्वंकष पॉलिसीत अपघात येतो. यांत्रिक बिघाड, झीज आणि त्यामुळे झालेला लॉजसारखा खर्च वगळलेला असतो. तिथं वेळ घालवू नका. रोडसाइड असिस्टन्सचं वेगळं कव्हर घेतलं असेल तर टोचनचे पैसे मिळतात का, तेवढं बघा.

बॉडी बांधणाऱ्याला मात्र सोडू नका, आणि त्याची तक्रार मिस्त्रीच्या तक्रारीत मिसळूही नका. ही दोन वेगळी प्रकरणं आहेत. वॉरंटीवर फार भिस्त ठेवू नका. क्लच प्लेट झिजणारी वस्तू म्हणून बहुतेक वॉरंट्यांतून वगळलेलीच असते. पण वर्षही न झालेल्या गाडीचा क्लच घाटात जळतो, तेव्हा माझा पहिला प्रश्न वजनाचा असतो. प्लायवूडचं फर्निचर, बॅटऱ्या, एसी, पाण्याची टाकी: नुसतं दोनशे लिटर पाणी म्हणजे दोनशे किलो. गाडी हातात आली की मोंढ्याजवळच्या वजनकाट्यावर न्या. एकदा सामान उतरवून, टाकी रिकामी करून वजन करा, एकदा राहता तशी भरून. दोन्ही पावत्या ठेवा आणि आरसीवर, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर, लिहिलेल्या भरलेल्या गाडीच्या कमाल एकूण वजनाशी ताडून बघा. रिकामी गाडीच त्या आकड्याला टेकत असेल, तर माणसं आणि पाणी घ्यायला बांधणाऱ्यानं जागाच ठेवलेली नाही, आणि हा सेवेतला दोष त्याचाच. रिकामी गाडी त्या आकड्याच्या आत बसते आणि तुमचं सामान चढल्यावर आकडा ओलांडते असं निघालं, तर त्याला दोष देणं अवघड जाईल. उलट जादा वजनाचा मोटार वाहन कायद्याखालचा 20 हजारांचा दंड तुमच्याच डोक्यावर लटकतोय. मॅडमना विचारून काय उतरवायचं ते ठरवा.

आरसीवर गाडीचा प्रकार काय लिहिलाय तेही बघा. आरसीतला तपशील बदलेल असा फेरफार करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे नोंदणी अधिकाऱ्याची परवानगी लागते. तिथं नुसती मिनीबस लिहिलेली असेल आणि बांधणारा ‘कागदाचं सगळं आम्ही बघतो’ म्हणाला असेल, तर नोटिशीत तो मुद्दा पहिला येईल. या प्रकरणात मोबदला 23 लाख, म्हणून आयोगाची फी 1,000 रुपये. तक्रार जिल्हा आयोगातच होते, तिची मर्यादा 50 लाखांची आहे. चासीच्या कंपनीला सामनेवाला क्रमांक दोन करा, म्हणजे एकमेकांकडे बोट दाखवायचं ते दोघांनी आयोगासमोर दाखवावं. त्याआधी दोघांनाही वजनाच्या पावत्यांच्या प्रती जोडून नोटीस पाठवा, पंधरा दिवसांची मुदत द्या. मराठीत चालते. स्पीड पोस्टनं पाठवा, बिलावर आहे त्याच पत्त्यावर, आणि पोस्टाची पावती आरसीच्या फाइलमध्ये लावून ठेवा.