जुन्या ४०७ च्या केबिनखाली रबर घालावे की पॉलियुरेथेन?

आपल्याकडे १९९८ ची टाटा ४०७ आहे, ती शेतातून जिनिंगपर्यंत कापूस वाहते, केबिन माउंटिंगचे, म्हणजे केबिन आणि चेसी (गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा) यांच्यामध्ये बसणाऱ्या आधारांचे रबर पार बसले आहेत आणि दुकानदार त्याऐवजी पॉलियुरेथेन या रबरासारख्या प्लास्टिकचे, म्हणजे पीयूचे बुश घालण्याचा आग्रह करत आहे, असे आपण लिहिले आहे. माझे स्पष्ट मत आहे की आपण रबरच घालावे. मी वर्धा जिल्ह्यात अशीच गाडी चालवतो आणि हे दोन्ही प्रकार वापरून पाहिले आहेत.

पीयू टिकतो, यात खोटे काही नाही. तो डिझेल आणि ऑइलला दाद देत नाही, लवकर झिजत नाही आणि रबरासारखा बसतही नाही. परंतु केबिनच्या माउंटिंगचे काम नुसते टिकून राहणे हे नव्हे. आपल्या भागातील काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, त्यामुळे तिच्यावरचा डांबरी रस्तासुद्धा हळूहळू लाटांसारखा होत जातो. पांदण रस्त्याची तर गोष्टच वेगळी. अशा रस्त्यावर भरलेल्या गाडीची चेसी प्रत्येक खड्ड्यात पिळली जाते, आणि तो पीळ केबिनच्या पत्र्यापर्यंत पोहोचू न देणे हेच माउंटिंगचे खरे काम आहे. अशा माउंटिंगच्या रबराचा कडकपणा साधारणपणे ५० ते ६० शोअर ए असतो (हे कडकपणाचे माप आहे, आकडा जितका मोठा तितका माल कडक), तर खरादीवर कातून मिळणारा पीयू बहुधा ८० ते ९० चा असतो. जो पीळ रबराने सोसायचा, तो मग दाराच्या खांबाला आणि केबिनच्या तळाला सोसावा लागतो.

माझ्या गाडीत नेमके हेच झाले. पीयू घातल्यावर पहिल्याच पावसाळ्यात डाव्या दाराच्या खांबाजवळ वेल्डिंगच्या कडेने बोटभर लांबीची चीर गेली आणि समोरच्या काचेच्या कोपऱ्यातून पाणी झिरपू लागले. चीर जाण्याआधीही, पीयू घातल्यापासूनच, इंजिन चालू ठेवून गाडी उभी असताना आरसा इतका थरथरत असे की मागच्या गाडीचा नंबर वाचता येत नसे. चार सिलिंडरचे इंजिन एका फेऱ्यात दोनदा पेटते, म्हणजे मिनिटाला ७५० फेरे धरले तर सेकंदाला २५ धक्के बसतात. मऊ रबर ते पुष्कळसे गिळतो, कडक पीयू त्यातील बरेचसे केबिनमध्ये पोहोचवतो. हंगामात दिवसाचे बारा तास त्या सीटवर बसणाऱ्या माणसाच्या पाठीचा विचार दुकानदाराने केला नसला, तरी आपण करावा.

तरीही पीयूच घ्यायचा झाल्यास ८० च्या खालचा मऊ माल मागावा आणि तो पॉलिइथर जातीचा आहे का हे विचारून घ्यावे, कारण पॉलिएस्टर जातीचा पीयू दमट उष्णतेत हळूहळू विरघळल्यासारखा होऊन तुटू लागतो. सायलेन्सरच्या पाइपाजवळ मात्र दोन्ही प्रकारांना पत्र्याची आड हवीच.

रबर घेताना तो नवा आणि मूळ मापाचाच असावा. अंगठ्याचे नख दाबले की खूण उमटून लगेच भरून यावी, आणि दोन्ही हातांनी वाकवल्यावर पृष्ठभागावर उन्हाळ्यातल्या शेतासारख्या बारीक भेगा दिसता कामा नयेत. कित्येक वर्षे दुकानात पडून राहिलेला रबर न वापरताच कडक झालेला असतो. बसवताना तो सहज सरकावा म्हणून काही मिस्त्री जळालेले ऑइल लावतात, ते कृपया लावू देऊ नका. त्याने रबर फुगून सैल पडतो. साबणाचे पाणी पुरेसे आहे.

चारही माउंटिंग एकाच वेळी बदलावीत, कारण दोन जुने आणि दोन नवे असले की केबिन तिरपी बसते. जॅक लावताना मध्ये लाकडी ठोकळा ठेवावा, आणि उचलण्यापूर्वी अर्थची वायर, क्लचची जोडणी, गिअर लिव्हर व स्टिअरिंगचा दांडा यांवर ताण येत नाही ना, हे स्वतः वाकून पाहावे. माउंटिंगच्या आतली लोखंडी नळी गंजून आखूड झाली असेल, तर नवा रबरसुद्धा बोल्ट आवळताच चिरडला जातो. माझ्या मते नवे रबर अकाली खराब होण्याचे हे सर्वांत दुर्लक्षित कारण आहे. नळी खरादीवरून मूळ लांबीची करून घ्यावी, त्याला फार खर्च येत नाही. ब्रॅकेटवर कुठे चकचकीत घासलेली जागा दिसली, तर तेथे लोखंड लोखंडाला लागत होते असे समजावे आणि आजूबाजूला चीर आहे का ते तारेच्या ब्रशने साफ करून पाहावे.

साधारण ५०० किलोमीटर चालल्यानंतर चारही बोल्ट पुन्हा तपासावेत.