कपड्यांचे ब्रँड गिऱ्हाइकाला नेमकं काय विकतात?

तुम्ही विचारलंय की कपड्यांचे ब्रँड जाहिरात आणि प्रतिमा वापरून माणसाला कसे ओढतात, आणि अठराशेच्या ब्रँडेड शर्टात बाजारातल्या पाचशेच्या शर्टापेक्षा खरंच काही जास्त असतं का. मी यवतमाळ जिल्ह्यात, राळेगाव तालुक्यात शिवणकाम करते. घरी कोरडवाहू कापूस आहे. म्हणजे शर्टाची दोन्ही टोकं माझ्या रोजच्या हाताखालची आहेत, त्यावरून सांगते.

जास्त असतं, पण तेराशे रुपयांचं नाही. चांगल्या कंपनीचा शर्ट फिटिंगला आला आणि बाजूची शिवण उसवायला घेतली की कळतं. कापडाच्या दोन्ही कडा एकमेकींत दुमडून वरून टीप मारलेली असते, आत एक दोराही लोंबत नाही. टाके बारीक असतात. बाजारच्या शर्टाला कड उसवू नये म्हणून नुसती ओव्हरलॉकची टीप मारून सोडलेलं असतं, टाके लांब, आणि चार धुण्यांत कॉलरमधलं बकरम, म्हणजे ती ताठ ठेवणारं आतलं कापड, सुटून वर फुगे येतात. हा फरक खरा आहे. पण त्यासाठी लागतं काय, तर थोडा जास्तीचा दोरा, बरं बकरम आणि कारागिराची काही मिनिटं.

आता कापूस. जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातलं बी (सरकी) वेगळं काढताना, क्विंटलभर कापसातून ३३ ते ३५ किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी, आणि ती वेगळी विकली जाते. फुल बाह्यांचा सुती शर्ट साधारण पाव किलोचा. कताईतली, कापणीतली घट धरून त्याला साधारण किलोभर कापूस लागतो. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता, म्हणजे किलोला ८१ रुपये. अठराशेच्या शर्टात कास्तकाराचे साधारण ८१ रुपयेच, आणि त्यातच बियाणं, खत, फवारणी, वेचाई सगळं आलं. मधले सगळे पैसे जाहिरातीत जातात असं मी म्हणणार नाही. कताई, विणाई, रंगाई, शिलाई, मॉलचं भाडं, दुकानदाराचं कमिशन, न खपलेला माल, हे सगळं त्या किमतीत बसवलेलं असतं. पण त्याच कारखान्यात, त्याच कापडाचा शर्ट वेगळ्या लेबलखाली निम्म्या भावात विकला जाऊ शकतो. पुष्कळ ब्रँड स्वतः शिवत नाहीत, दुसऱ्यांकडून शिवून घेतात. लेबल बदललं की भाव बदलतो, तो वरचा पैसा प्रतिमेचा.

ही प्रतिमा बसवतात कशी, याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण जीन्सच्या कमरेवरच्या पट्टीचं. लिव्हाइसच्या पट्टीवर दोन घोडे एकच पँट दोन्हीकडून ओढतात आणि ती फाटत नाही, असं चित्र आहे. ते १८८६ पासून चालत आलंय. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनीही दुकानात जाऊन ‘दोन घोड्यांची पँट’ मागावी, हा त्यामागचा विचार होता. तेव्हा ते चित्र मालाच्या मजबुतीबद्दल बोलत होतं. आज माझ्याकडे कॉलेजचा पोरगा जीन्स घेऊन येतो आणि म्हणतो, “काकू, खालून दोन इंच कमी करा, पण मागचं लेबल तेवढं राहू देजा, शर्ट खोचला की ते दिसलं पाहिजे.” आता ते चित्र मजबुतीबद्दल बोलत नाही, पोराबद्दल बोलतं. यवतमाळला लोहारा एमआयडीसीत रेमंडचा डेनिमचा कारखाना आहे, तिथलं कापड मोठमोठ्या जीन्स कंपन्यांना जातं. त्या पोराच्या अंगावरचं डेनिम घरापासून तासाभराच्या अंतरावर विणलेलं असू शकतं. पण ते सांगून त्याला कॉलेजात कोणी मान देणार नाही, म्हणून कोणी ते सांगतही नाही.

नावांचंही तसंच. लुई फिलिप हे फ्रान्सच्या राजाचं नाव, पण भारतात हा ब्रँड मदुरा गारमेंट्सने १९८९ मध्ये आणला आणि आज तो आदित्य बिर्ला समूहाकडे आहे. माँटे कार्लो लुधियानाचा. गिऱ्हाइकाला वाटतं आपण विलायती घालतोय. ही युक्ती नवी नाही, आपल्या विदर्भातलीच जुनी आहे. जमशेटजी टाटांनी नागपूरला गिरणी सुरू केली ती १ जानेवारी १८७७ ला. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर झाली, म्हणून गिरणीचं नाव एम्प्रेस. कापूस वऱ्हाडातला, कामगार इथले, नाव राणीचं. पुढे गिरणी बंद पडली आणि त्या जागेवर त्याच नावाचा मॉल उभा राहिला. टाटांचंच झुडिओ आता जाहिरातीवर जवळजवळ खर्च न करता चालतं. तिथे दुकान हीच जाहिरात आहे. लख्ख उजेड, एसी, मोठे आरसे, हात लावला तर कोणी हटकत नाही, आणि बहुतेक सगळं हजाराच्या आत. तालुक्याच्या दुकानात काउंटरपलीकडून शेठ ठाण काढून दाखवतो तेव्हा ‘घ्यायचं नसेल तर उगाच कशाला उलगडू’ हे त्याच्या तोंडावर दिसतं. पोरं झुडिओत का जातात हे मला चांगलं समजतं.

लग्नाच्या बाबतीत मात्र मला राग येतो. पूर्वी नवरदेवाला सूट शिवायचे, पाहुण्यांना आहेरात पँटपीस-शर्टपीस, आणि काम गावातल्या शिंप्याला मिळायचं. ‘मान्यवर’ या लग्नाच्या कपड्यांच्या ब्रँडच्या जाहिरातीत विराट कोहली आणि अनुष्का शर्मा एकमेकांना वचनं देताना दिसले, त्यानंतर डिसेंबर २०१७ मध्ये दोघांचं खरोखरच लग्न झालं. जाहिरात आणि खरं आयुष्य असं एक झालं की लोकांना कपडा वेगळा दिसतच नाही, त्यांना ते लग्नच हवं असतं. आमच्याकडे कापूस विकून पैसा हातात येतो तो हिवाळ्यात, आणि मागोमाग लग्नसराई. हळदीला एक, लग्नाला एक, स्वागताला एक. कर्जाच्या हप्त्याआधी शेरवानीचे पैसे बाजूला निघालेले मी पाहिलेत.

म्हणून मला वाटतं, ब्रँड विकतो ती ‘चारचौघांत आपण कमी पडणार नाही’ ही खात्री. ज्याला ती घरातून, शाळेतून, बोलण्यातून आधीच मिळालेली असते त्याला शर्टाची फारशी गरज नसते. खेड्यातून पुण्याला मुलाखतीला जाणाऱ्या पोराला असते. त्याला आपल्या इंग्रजीची धास्ती, बोलीची धास्ती, आणि समोरचे लोक कपड्यावरून माणूस जोखतात हे त्याला पक्कं ठाऊक असतं. तो चुकीचं समजत नाही. त्या पोराला मी उधळ्या म्हणणार नाही. पण ज्याच्या खिशात सगळ्यात कमी, त्यालाच ही खात्री सगळ्यात महाग पडते, हे कोणीतरी त्याला नीट बसवून सांगायला हवं.

लेबलवरचे शब्द तेवढे जपून वाचा. ‘कॉटन फील’ म्हणजे कॉटन नाही. शंका असेल तर आतल्या शिवणीच्या कडेतून कापडाचाच एक दोरा, शिलाईचा नव्हे, काढून जाळून बघा. सुती दोरा कागदासारखा जळतो आणि राख चुरगळते, पॉलिस्टर वितळून टोकाला कडक मणी होतो. कापसाच्या जिल्ह्यात राहून लोक पॉलिस्टरला सुताचे पैसे देतात, याचं मला फार वाईट वाटतं.

मुलाखतीसाठी ब्रँडेड घ्यायचाच असेल तर एकच घ्या, पांढरा किंवा फिक्का निळा, जुलै किंवा जानेवारीच्या सेलमध्ये. ‘दोनवर एक फ्री’च्या नादी लागू नका, तिसऱ्याचे पैसे पहिल्या दोघांत धरलेले असतात. घेण्याआधी शर्ट उलटा करून बाजूची शिवण बघा. रोजच्या वापरासाठी कापड घेऊन शिवा. अठ्ठावन्न इंच पन्ह्याचं असेल तर मध्यम अंगाच्या माणसाला एक मीटर साठ पुरतं. शिंप्याला बाजूच्या शिवणीत अर्धा-पाऊण इंच माया, म्हणजे आत दुमडलेलं जास्तीचं कापड, ठेवायला सांगा. रेडिमेडमध्ये ती नसते, त्यामुळे अंग थोडं भरलं की ते शर्ट माझ्याकडे येतात आणि मला ते सैल करून देता येत नाहीत.