रणगाड्याचे चिलखत : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : एखाद्या रणगाड्याचे चिलखत ‘८०० मिलिमीटर पोलादाइतके’ आहे असे वाचायला मिळते आणि दुसरीकडे अमुक क्षेपणास्त्र ९०० मिलिमीटर पोलाद भेदते असेही वाचायला मिळते. मग ते क्षेपणास्त्र त्या रणगाड्याला हमखास भेदणार, असे समजावे का?

उत्तर : तसे समजू नये. आठशे मिलिमीटर हा आकडा चिलखतावर मोजपट्टी लावून काढलेला नसतो. एखाद्या विशिष्ट माऱ्याला तेवढाच अडथळा करण्यासाठी साध्या, एकजिनसी पोलादाचा किती जाड पत्रा लागला असता, याचा तो हिशेब असतो, आणि माऱ्याचा प्रकार बदलला की त्याच चिलखताचा आकडाही बदलतो.

रणगाड्याच्या तोफेतून सुटणारा चिलखतभेदी गोळा आता प्रत्यक्षात गोळा राहिलेलाच नाही. टंगस्टनच्या मिश्रधातूची किंवा डिप्लीटेड युरेनियमची (अणुइंधन तयार करताना उरणाऱ्या जड युरेनियमची) ती एक लांब, बारीक कांब असते. नळीतून बाहेर पडताच तिच्याभोवतीचे हलके आवरण पाकळ्यांसारखे गळून पडते आणि ती सेकंदाला दीड किलोमीटर किंवा त्याहून अधिक वेगाने लक्ष्यावर आदळते. याउलट रणगाडाविरोधी क्षेपणास्त्राच्या टोकाशी सहसा स्फोटकात बसवलेला तांब्याचा पातळ शंकू असतो. स्फोट होताच हा शंकू आतल्या आत चेपला जातो आणि त्यातून धातूची एक अतिशय बारीक धार निघते, जिच्या टोकाचा वेग सेकंदाला आठ-नऊ किलोमीटरपर्यंत जातो. ही धार चिलखत ‘वितळवते’ असे सर्रास लिहिले जाते, पण ते खरे नाही; प्रचंड दाबाखाली पोलाद बाजूला ढकलले जाते, आणि मागे उरते ते जेमतेम बोटभर रुंदीचे भोक. सिरॅमिकचे थर असलेले आधुनिक संमिश्र चिलखत या धारेला जितके जड जाते तितके ते कांबेला जात नाही. म्हणून एकाच चिलखताचे निदान दोन आकडे असायला हवेत, आणि कोणत्या माऱ्यासाठीचा कोणता हे सांगितलेले नसेल तर त्या आकड्याला फारसा अर्थ नाही.

शिवाय मारा कोठे आणि कोणत्या कोनातून होतो, हेही पाहावे लागते. दुसऱ्या महायुद्धातील टी-३४ रणगाड्याच्या पुढचा वरचा पत्रा अवघा ४५ मिलिमीटर जाडीचा होता, परंतु तो उभ्या रेषेपासून ६० अंश कललेला असल्यामुळे समोरून सरळ येणाऱ्या गोळ्याला ९० मिलिमीटर पोलाद ओलांडावे लागे. छापून येणारे मोठमोठे आकडे बहुतेक वेळा बुरुजाच्या, म्हणजे तोफ बसवलेल्या वरच्या फिरत्या भागाच्या, समोरच्या बाजूचे असतात; त्याच रणगाड्याचे छत आणि पाठ कितीतरी पातळ असते, आणि ‘जॅव्हेलिन’सारखे क्षेपणास्त्र नेमके छतावरच उतरते. आजच्या रणगाड्यांच्या चिलखताची रचना गोपनीय असल्याने असे आकडे हे बाहेरच्या जाणकारांचे अंदाजच असतात. अशा दोन अंदाजांची वजाबाकी करून निकाल जाहीर करण्याची घाई मला तरी पटत नाही.

प्रश्न : जुन्या तोफांच्या नळीत आटे, म्हणजे आतून कोरलेल्या पिळदार खाचा, असत. आजच्या बहुतेक रणगाड्यांच्या तोफांची नळी गुळगुळीत का असते?

उत्तर : आट्यांमुळे गोळ्याला फिरकी मिळते व तो स्थिर राहतो. वर सांगितलेली लांब कांब मात्र फिरकीने स्थिर होत नाही, तिला शेपटाकडे पंख लागतात. तांब्याची धार तर फिरकीमुळे विस्कटते. सोव्हिएत टी-६२ ने ११५ मिलिमीटरची गुळगुळीत तोफ आणली आणि पुढे बहुतेकांनी तीच वाट धरली. ब्रिटिशांचा ‘चॅलेंजर २’ हा ठळक अपवाद.

प्रश्न : रणगाड्याभोवती लोखंडी पट्ट्यांची जाळी लावतात, ती अग्निबाणाचा स्फोट आधीच घडवून आणण्यासाठी असते का?

उत्तर : हा समज फार पसरलेला आहे, पण जाळीचा मूळ उद्देश स्फोट होऊच न देण्याचा आहे. खांद्यावरून डागल्या जाणाऱ्या आरपीजी-७ च्या अग्निबाणाचे उदाहरण घ्या. त्याच्या नाकाशी दाब पडताच वीज निर्माण करणारा स्फटिक असतो, आणि ही वीज बाहेरचा पत्र्याचा शंकू व त्याच्या आतला दुसरा शंकू यांच्या मार्गाने मागच्या स्फोटकापर्यंत पोहोचते. बाणाचे नाक दोन पट्ट्यांच्या फटीत शिरले, तर पट्ट्या बाहेरचा शंकू चेपतात, तो आतल्याला टेकतो आणि वीज तिथेच शॉर्टसर्किट होऊन स्फोटकापर्यंत पोहोचत नाही. म्हणूनच पट्ट्यांमधले अंतर त्या बाणाच्या जाडीचा विचार करूनच ठरवावे लागते. नाक थेट पट्टीवरच आपटले, तर मात्र स्फोट होतो, आणि थोडे अंतर मिळाल्यामुळे धार दुबळी होईलच असेही नाही. काही वेळा ते अंतर तिला पूर्ण आकार घ्यायला सोयीचेच ठरते. त्यामुळे जाळी काही बाण निकामी करते, सगळे नाही, आणि तोफेतून सुटलेल्या कांबेपुढे तिचा काहीही उपयोग नसतो.