ती ढोलकी कुणाची?

पोरी,

तुझं गाणं काल रात्री हेडफोनवर ऐकलं आणि आज सकाळी स्वयंपाकघरातल्या साध्या स्पीकरवर लावलं. काकू पोह्यांसाठी कांदा चिरत होती. सुरुवातीची ढोलकी वाजली तशी तिची सुरी थांबली. मग सिंथ, म्हणजे सिंथेसायझर, आला आणि सुरी पुन्हा चालू झाली. गाणं तिनं शेवटपर्यंत ऐकलं, छान आहे म्हणाली, पण सुरी काही परत थांबली नाही. दिवसभर माझ्या डोक्यात तेच घोळतंय.

तू विचारलंस, "काका, ऐंशीच्या दशकातलं वाटतंय का?" वाटतं. अगदी वाटतं. ८०८ या ड्रम मशीनचा किक (मोठ्या ड्रमचा खोल ठोका), फाटकन तुटणारा स्नेअर ड्रम, जाड सिंथ आणि सगळ्यावर टेपची खरखर. तुझा कान तयार आहे, हे तोंडदेखलं म्हणत नाही. पण त्या दशकात मी कीबोर्ड वाजवून घर चालवत होतो. त्यामुळे यातला एकेक आवाज आला की त्यामागची माणसं मला दिसतात. तुलाही ती दिसावीत, एवढ्यासाठी हे पत्र.

आधी खरखर. तिचं मला खरंच वाईट वाटलं. त्या खरखरीशी आम्ही रोज भांडायचो. टेप मशीनची हेडं स्पिरिटच्या बोळ्यानं पुसायची, टेपवर आवाज चढेल तेवढा चढवायचा, म्हणजे हळुवार जागांना ती डोकं वर काढणार नाही. एवढं करून उरायची ती उरायचीच. तू ती पैसे मोजून घेतलीस आणि गाणंभर एकसारखी पसरलीस. ती काढून टाक. ज्या गोष्टीपासून सुटायला ती माणसं झटत होती, तीच त्यांची ओळख म्हणून मिरवणं मला पटत नाही.

स्नेअरची गोष्ट वेगळी आहे. तो आवाज योगायोगानं सापडला. लंडनच्या टाउनहाउस स्टुडिओत पीटर गॅब्रिएलच्या, १९८० मध्ये निघालेल्या अल्बमचं काम चालू होतं. ड्रमवर फिल कॉलिन्स, ध्वनिमुद्रक ह्यू पॅजम. वादक खोलीतून काय बोलतोय ते काचेच्या अलीकडे ऐकू यावं म्हणून एक माइक असतो. कुजबूजही कळावी यासाठी तिथल्या ध्वनिमुद्रणाच्या कन्सोलमध्ये या माइकवर जबरदस्त कॉम्प्रेसर, म्हणजे लहानमोठे आवाज एका पातळीला आणणारं यंत्र, बसवलेला होता. कॉलिन्स वाजवत असताना तो माइक उघडा राहिला आणि ड्रमचा प्रचंड, दाबलेला आवाज आला. त्याला गेट लावला, म्हणजे घुमारा पसरायच्या आत दार बंद. १९८१ मध्ये कॉलिन्सच्या स्वतःच्या गाण्यात तो वाजला आणि मग सगळं दशक त्यानं व्यापलं. आमच्याकडे ना तो कन्सोल ना ती खोली. कॅसेट मागे-पुढे करून आम्ही तो शोधत बसायचो. तुझ्याकडे तो एका बटणावर आहे, म्हणून तू तो प्रत्येक ठोक्यावर लावलास. एकदाच, जिथे कडवं संपून गाणं मोकळं होतं तिथे लावून बघ.

८०८बद्दल एक गोष्ट तुला बहुधा कुणी सांगितली नसेल. ऐंशीच्या दशकात तो बऱ्याच जणांना नको होता. रोलँड या जपानी कंपनीनं १९८० मध्ये तो काढला. खऱ्या ड्रमचे नमुने साठवायला लागणारी मेमरी तेव्हा फार महाग, म्हणून सगळे आवाज सर्किटमधूनच घडवले. ते ड्रमसारखे वाटत नाहीत ही तक्रार होती आणि खरीच होती. १९८३ मध्ये उत्पादन थांबलं तोवर जेमतेम बारा हजार यंत्रं बनली होती. मग ती जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागली आणि खिशात फारसे पैसे नसलेल्या पोरांनी घेतली. तुझ्या छातीत धडकणारा तो खोल किक ही त्या पोरांची कमाई आहे.

आता आपल्या मुंबईतलं ऐक. चरणजीत सिंग नावाचे वादक होते, हिंदी चित्रपटांच्या रेकॉर्डिंगमध्ये गिटार आणि बास वाजवणारे. १९८२ मध्ये त्यांनी रोलँडची तीन यंत्रं जोडली: ज्युपिटर-८ हा सिंथ, टीबी-३०३ हे बासचं यंत्र आणि हाच टीआर-८०८. त्यांवर ललत, तोडी, मेघमल्हार असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. एचएमव्हीनं रेकॉर्ड काढली, ती फारशी कुणी घेतली नाही. ३०३ हे यंत्र मुळात साथीला बास वाजवणारा नसेल तर त्याची जागा भरून काढायला बनवलेलं, आणि तेही बाजारात पडलं. पण त्यात एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय होती. ज्याच्या कानात मींड मुरलेली आहे त्याच्या हाती ती सोय आली, तर काय होणार? पाच वर्षांनी, १९८७ मध्ये, शिकागोच्या पोरांनी त्याच ३०३ची बटणं वेडीवाकडी फिरवून ॲसिड हाउस हे नाचाचं संगीत जन्माला घातलं. त्यांना चरणजीतजी ठाऊक असण्याचं काहीच कारण नव्हतं. २०१० मध्ये ती जुनी रेकॉर्ड नेदरलँड्समधून पुन्हा निघाली आणि ऐकणारे चकित झाले, की हे मुंबईत आधीच वाजून गेलंय! २०१५ मध्ये ते गेले, पण त्याआधी युरोपातल्या तरुण पोरांसमोर जाऊन वाजवून आले. हे लिहितानाही मला भरून येतं.

तुझ्या संगणकात तेच ३०३ आहे. तुझ्या बासमध्ये मात्र मला एकही घसीट सापडली नाही. सगळे सूर खिळे ठोकल्यासारखे सरळ. तू तर यमन शिकली आहेस ना? मग निषादावरून षड्जावर जाताना तो बास तसा का गेला नाही?

जुनं परत का येतं, हा तुझा दुसरा प्रश्न. थोडक्यात सांगतो. लहानपणी घरात, मोटारीत, लग्नात जे कानावर पडतं ते आतल्या आत मुरतं. ती मुलं मोठी होऊन स्वतः गाणी करू लागली की तेच बाहेर येतं. दरम्यान त्या काळातली यंत्रं मोडीत निघून स्वस्त झालेली असतात. आता तर सगळी दशकं एकाच फोनमध्ये शेजारी शेजारी बसली आहेत. ब्रिटिश गायिका केट बुशचं १९८५ चं गाणं एका मालिकेत वाजलं आणि २०२२ मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. आपल्याला यात नवल वाटू नये. १८८० मध्ये किर्लोस्करांनी 'शाकुंतल' रंगभूमीवर आणलं, तेव्हा कीर्तनातून लोकांच्या ओळखीची झालेली साकी आणि दिंडी त्यात होतीच. 'कट्यार'ची अभिषेकीबुवांची पदं १९६७ ची. २०१५ च्या चित्रपटात ती शंकर-एहसान-लॉयच्या नव्या गाण्यांच्या मांडीला मांडी लावून बसली, कारण नव्या गाण्यांनीही तीच बैठक मांडली होती.

आता ढोलकी. ती तुझ्या आजोबांच्या कॅसेटवरून उचललीस, असं लिहिलंस. जत्रेत मिळायच्या तसल्या तमाशाच्या कॅसेटी माझ्याकडेही होत्या. तू घेतलेल्या तुकड्यामागे पुसटशी हलगी आहे आणि अजून एक आवाज आहे, घुंगरांचा. नीट कान देऊन ऐक. फडातला ढोलकीवाला नाचणारीच्या पायांकडे बघत वाजवत असतो. तिची गिरकी जवळ आली की तो किंचित पुढे सरकतो, तिला उचलून घेतो आणि समेवर तिच्याबरोबर उतरतो. तुझ्या तुकड्यात चौथ्या आवर्तनाच्या शेवटी तो तसा सरकला होता. तू त्याला संगणकातल्या ग्रिडवर, म्हणजे काटेकोर सारख्या अंतरांच्या रेघांवर, आणून बसवलंस. ज्या जागेवर काकूची सुरी थांबली ती जागा सुरुवातीला एकदा तशीच राहून गेली आहे, तिथे अजून तू काही सरळ केलेलं नाहीस. पुढे तोच तुकडा चाळीस वेळा येतो, पण त्यात तो माणूसही नाही आणि ती बाईही नाही.

आणि तो माणूस कोण? कॅसेटच्या कव्हरवर गाणारणीचं नाव असेल, वग लिहिणाऱ्याचं असेल. ढोलकीवाल्याचं असेलच असं नाही. १९६९ मध्ये अमेरिकेत विन्स्टन्स नावाच्या बँडनं एका रेकॉर्डच्या मागच्या बाजूला एक गाणं वाजवलं. त्यात ग्रेगरी कोलमन या ड्रमरचे चार बार एकट्याचे आहेत, सहा-सात सेकंदांचे. ते चार बार कापून हजारो गाणी बनली, जंगल आणि ड्रम अँड बेस हे नाचाच्या संगीताचे अख्खे प्रकार त्यांच्यावर उभे राहिले. कोलमनला त्यातून एक पैसा मिळाला नाही. २००६ मध्ये तो गेला तेव्हा त्याला राहायला घर नव्हतं. माझ्या ओळखीतले किती वादक असेच गेले ते मी तुला सांगत बसत नाही. एका रेकॉर्डिंगला मी एक तुकडा तिथल्या तिथे सुचवला होता, तोच पुढे त्या गाण्याची ओळख झाला. त्या दिवसाचं पाकीट मिळालं, नाव कुठेच आलं नाही. ती सल अजून आहे. तुझ्या हातून हे कुणाच्या वाट्याला येऊ नये, असं मला फार वाटतं.

उलटही घडू शकतं. डाफ्ट पंक हे दोघे फ्रेंच संगीतकार जुन्या डिस्को रेकॉर्डींचे तुकडे कापूनच नावाला आले होते. २०१३ च्या अल्बमसाठी मात्र त्यांनी तुकड्यांऐवजी माणसंच बोलावली. सत्तरच्या दशकात शिक बँडमध्ये ज्याच्या गिटारवर लोक नाचले तो नाइल रॉजर्स आला, नेथन ईस्ट बासवर बसला, ओमर हकीम ड्रमवर. रॉजर्सच्या उजव्या हाताला जी झुलती लय आहे ती कुठल्या तुकड्यात मावत नाही. तो समोर बसलाय, गाणं ऐकतोय आणि गाण्याला उत्तर देतोय, हे त्या रेकॉर्डवर ऐकू येतं.

तर असं कर. मिक्स आहे तसं बाजूला ठेव. कॅसेटचा तुकडा काढू नकोस अजून, त्याच्यावरून लय समजून घे: कुठे धावते, कुठे दम खाते. बास तोंडानं म्हण आणि गळ्यात बसला की मगच यंत्रात घाल. मग जिवंत ढोलकीवाला शोधू. माझ्या माहितीतले एक जण आहेत, आयुष्यभर फडात वाजवलेले, आता पोरांना शिकवतात. त्यांना क्लिक ट्रॅक, म्हणजे कानात टकटक करणारा यांत्रिक ठेका, देऊ नकोस, कानात फक्त तुझा आवाज दे. शक्य झालं तर त्यांची एखादी शिष्या घुंगरू बांधून समोर उभी करू. पैसे आधी ठरवायचे आणि गाण्याखाली त्यांचं नाव तुझ्या नावाइतक्याच अक्षरात. एवढं करून जुना तुकडा हवाच वाटला, तर त्या कॅसेटवरचा ढोलकीवाला कोण, त्याच्या घरचं कुणी आहे का, ते शोधायला मी तुझ्याबरोबर येईन. तमाशातली माणसं एकमेकांचा हात ऐकून ओळखतात. आमच्या या ढोलकीवाल्यांना ऐकवलं तर नाव निघेलही.

रविवारी सकाळी ये. कॅसेट आण, कव्हरसकट. माझा टेपरेकॉर्डर चालू आहे, हेडं मी पुसून ठेवतो.

तुझा,
काका